परत आलेल्या बादल्या

रिव्नेला निघालेल्या गाडीत तोदोसिया मावशीनं मुरंब्याच्या बाटल्यांची टोपली मांडीवर घेतली होती आणि ती कोणाच्याच हाती द्यायला तयार नव्हती.

"मागं ठेव की, मावशी," गाडी चालवता चालवता सरपंच मकार म्हणाला. "रस्त्यात खड्डे आहेत. फुटतील."

"खड्डे तुझ्या हद्दीतले आहेत, तू सांभाळ. बाटल्या माझ्या आहेत, त्या मी सांभाळते."

मागच्या सीटवर बसलेली युस्तिना ओठांतल्या ओठांत पाठ केलेलं भाषण म्हणत होती. तिला एकूण पाच मिनिटं मिळणार होती. त्यातलं पहिलं मिनिट गावाचं, दुसरं बेऱ्यांचं आणि उरलेली तीन यंत्राची. दर वेळी ती तिसऱ्या मिनिटाला अडखळत होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

वेर्बोलोझच्या दवाखान्यात ती वीसेक वर्षं काम करत होती. ती डॉक्टर नव्हती. वैद्यकीय विद्यालयात तीन वर्षं शिकून आलेली सेविका होती. पण दवाखान्यात दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे गाव तिला डॉक्टरीणबाई म्हणे. चेर्नोबिल झालं तेव्हा ती सातवीत होती. रसायनशास्त्राच्या बाईंनी त्या दिवशी फळ्यावर सीझियमचं चिन्ह काढलं होतं आणि मग काहीच न बोलता पुसून टाकलं होतं. पुढे युस्तिना तोच एक विषय मन लावून शिकली.

वेर्बोलोझभोवती दलदल आहे, आणि दलदलीपलीकडे पाइनचं जंगल. इतरत्र सीझियम मातीत जाऊन घट्ट बसलं, पण दलदलीच्या मातीला ते धरून ठेवता येत नाही. ते गवतात येतं, गवतातून दुधात, आणि अळंब्यांत, आणि बेऱ्यांत. जुलैमध्ये निळ्या-काळ्या बेऱ्या पिकल्या की अख्खं गाव पहाटे जंगलात जातं. दातेरी डब्यांनी झुडपं विंचरून बादल्या भरतं आणि दुपारी खरेदीदाराच्या शेडपाशी रांग लावतं. शाळेचे बूट, हिवाळ्यातलं सरपण, मुलींची लग्नं, सगळं त्या चार आठवड्यांतून निघतं.

दर वसंतात एक फिरती प्रयोगशाळा गावात येई. शाळेच्या मागे उभ्या केलेल्या त्या गाडीत एक खुर्ची होती. मुलं एकेक करून तिच्यात बसत आणि अंगात किती सीझियम आहे त्याचा आकडा बाहेर पडे. युस्तिना ते आकडे जपून ठेवी. गायींना सीझियम दुधात उतरू न देणारं निळं मीठ चारायला सुरुवात झाल्यापासून ते वर्षानुवर्षं उतरत आले होते. अळंबी दोनदा उकळून पाणी फेकायला तिनं बायकांना शिकवलं, तेव्हा आणखी उतरले. तिच्या आयुष्यात तिनं स्वतः केलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं असं ते एकच काम होतं.

आणि दोन वर्षांपूर्वी ते आकडे वर वळले.

सगळ्यात वाईट आकडा झ्लाताचा होता. झ्लाता ही तोदोसिया मावशीची नात, सहा वर्षांची. आई-बाप पोलंडला कामाला, म्हणून ती आजीपाशीच वाढत होती. तिला काही होत नव्हतं. ती इतर मुलांसारखीच धावायची, पडायची, नाक ओढायची. फक्त यंदा खुर्चीतून उठली तेव्हा गाडीतल्या माणसानं आकडा पाहून तिला पुन्हा बसवलं होतं.

युस्तिनानं दूध तपासायला पाठवलं. दूध ठीक होतं. आकडे वळायच्या आदल्या वर्षी दलदलीत आग धुमसली होती, म्हणून राख पाठवली. राखेतही काही विशेष नव्हतं. मग ती घरोघर फिरली आणि प्रत्येकीला विचारलं, मुलं बेऱ्या जास्त खायला लागलीत का? सगळ्यांनी एकच सांगितलं, नाही बाई, आधी खायची तेवढ्याच. आणि ते खरंच होतं.

म्हणून तिला खाण्यातलं सीझियम मोजणारं यंत्र हवं होतं. दवाखान्यातच ठेवायचं, पोरांच्या ताटातला प्रत्येक पदार्थ त्यात घालून बघायचा. परदेशी निधीवाल्यांनी स्पर्धा जाहीर केली, गावाचा रोजगार आणि गावाचं आरोग्य दोन्ही साधेल अशी कल्पना मांडा, जिंकलात तर पैसे आमचे, तेव्हा तिनं आणि मकारनं मिळून प्रस्ताव लिहिला. मकारच्या वाट्याला बेऱ्या वाळवायची शेड. नुसत्या बादल्या विकण्याऐवजी वाळवून पाकिटं विकली तर दुप्पट भाव येतो. तिच्या वाट्याला यंत्र. ज्या बेऱ्या मर्यादेच्या आत, त्याच शेडमध्ये घ्यायच्या. माल स्वच्छ, गाव स्वच्छ. कागदावर दोन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या बेमालूम बसल्या होत्या की मकारनं तो प्रस्ताव चर्चच्या पाद्र्यालाही वाचून दाखवला होता.

"म्हण बघू पुन्हा," तो आता आरशातून बघत म्हणाला. "आणि हसत म्हण. तू आकडा सांगतेस तेव्हा कोणीतरी मेल्यासारखा चेहरा करतेस."

"आकडे हसण्यासारखे नाहीत."

"निधीवाल्यांच्या त्या प्रशिक्षणवालीनं काय सांगितलं होतं? लिफ्टमध्ये भेटलेल्या श्रीमंत माणसाला सांगावं तसं सांगायचं. तो वर पोचेपर्यंत त्याला पटलं पाहिजे."

"आपल्या गावात लिफ्ट कुठाय?" तोदोसिया मावशी म्हणाली. "विहीर आहे. विहिरीत पडलेल्याला सांगतात तसं सांग, युस्तिना. दोर धर, एवढंच. तो लगेच ऐकतो."

मकार हसला. युस्तिनाही हसली, आणि पहिल्यापासून सुरू केलं.

स्पर्धा हॉटेलच्या लग्नाच्या दालनात होती. भिंतीवर अजून कुठल्याशा लग्नाच्या कागदी फुलांची माळ होती. गावागावांची माणसं आपापल्या टेबलामागे माल मांडून बसली होती. एकांनी बकरीचं चीज आणलं होतं. एकांनी मधाच्या पोळ्यांवर माणसाला निजवून उपचार करायची लाकडी झोपडी आणली होती, खरोखरची, आणि तिच्यात निजण्यासाठी इस्त्रीचे कपडे घातलेल्या लोकांनी रांग लावली होती.

तोदोसिया मावशीनं टेबलावर भरतकामाचा रुमाल अंथरला, राय धान्याचा काळा पाव कापला, बाटल्या उघडल्या. कापताना पावाचा एक तुकडा जमिनीवर पडला. तिनं वाकून तो उचलला, त्याला ओठ लावले आणि एप्रनच्या खिशात टाकला. तिच्या आईनं दुष्काळ पाहिला होता. त्या घरात पडलेला तुकडा कुत्र्यालासुद्धा घालत नसत. आधी त्याची माफी मागत आणि मग स्वतः खात.

शेजारच्या टेबलावरचा चीजवाला तिरक्या नजरेनं बघत म्हणाला, "वेर्बोलोझचे ना तुम्ही? म्हणजे तुमचा मुरंबा अंधारात चमकत असेल."

"चमकतो ना," मावशी म्हणाली. "वीज गेली की त्याच्याच उजेडात तुमचं चीज शोधतो. वासावरूनही सापडतं म्हणा."

त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा युस्तिना अजून तिसरं मिनिट घोकत होती. पण मंचावर गेल्यावर ती स्थिरावली. पहिलं मिनिट झालं, दुसरं झालं. तिसऱ्यालाही ती अडखळली नाही. मागच्या पडद्यावर मुलांच्या आकड्यांचा आलेख होता. बरीच वर्षं उतरत आलेली रेघ आणि शेवटी वर वळलेलं टोक. झ्लाताचा फोटो लावा, परीक्षकांना एक चेहरा लागतो, असं प्रशिक्षणवालीनं सांगितलं होतं. युस्तिनानं लावला नव्हता.

परीक्षक तिघं होते. बोलत मात्र दोघंच. कीव्हहून आलेल्या अध्यक्षा व्लादिस्लावाबाई, आणि डेन्मार्कचा एक उंच, वाकलेला माणूस, ज्याच्या कानाशी दुभाषी कुजबुजत होता. तिसरे बँकेतले गृहस्थ सगळा वेळ काहीतरी लिहीत होते.

"आलेख चांगला आहे," डेन्मार्कचा माणूस दुभाष्यामार्फत म्हणाला. "पण शेवटी तो वर का वळला?"

"माहीत नाही," युस्तिना म्हणाली. "दूध पाहिलं, राख पाहिली. कारण सापडलं नाही. लहान मुलाच्या अंगातून सीझियम काही महिन्यांत निघून जातं. म्हणजे आज जे अंगात आहे ते हल्लीच्याच जेवणातून आलेलं आहे. ते कशातून, हे शोधायला यंत्र हवं."

तो माणूस मान डोलावत राहिला. मंचाच्या कडेला उभ्या मकारनं कपाळाला हात लावला. माहीत नाही, असं कधीही म्हणायचं नाही, हा त्याचा सकाळचा शेवटचा सल्ला होता.

व्लादिस्लावाबाई तोवर बशीतला मुरंबा चाखत होत्या. "सुरेख झालाय," त्या म्हणाल्या. मग चमचा थांबला. "हा तपासलेला आहे ना?"

"घाबरू नका, बाई," तोदोसिया मावशी टेबलामागून म्हणाली. कोणीतरी तिच्यापुढे माइक धरला, तशी ती आणखी मोठ्यानं बोलली. "हा वाळूच्या टेकडीवरच्या बेऱ्यांचा आहे. खरेदीदारानं यंत्र लावून पसंत केलेल्या. पाहुण्यांना आम्ही परत आलेलं वाढत नाही."

दालनात हशा पिकला. व्लादिस्लावाबाईही हसल्या आणि त्यांनी चमचा तोंडात घातला. "परत आलेलं म्हणजे?"

"तीन उन्हाळे झाले, खरेदीदाराकडे हातात धरायचं यंत्र आलंय. बादलीला लावतो. टिकटिक जास्त झाली की बादली परत. दलदलीकाठच्या बऱ्याच परत येतात. चांगल्या टपोऱ्या असतात हो, टेकडीवरच्यांपेक्षा गोड."

"मग त्यांचं काय करता?"

"काय करणार? देवानं दिलेलं टाकायचं? घरी नेतो, मुरंबा घालतो. पोरं हिवाळाभर खातात." मावशीनं अभिमानानं सगळीकडे पाहिलं. "आमच्याकडे काही वाया जात नाही."

युस्तिना मावशीकडे बघत होती. मग ती वळली आणि मागच्या पडद्याकडे बघू लागली.

शेडमागे खरेदीदारानं खोदलेला खड्डा तिनं पाहिला होता. त्यावर पाटी होती. नापसंत माल इथे टाकावा. त्या खड्ड्यात पाइनच्या सुया साठल्या होत्या, पाणी साठलं होतं, बेरी एकही नव्हती, आणि ते बघून तिला कधी काही वाटलं नव्हतं. खरेदीदाराचं यंत्र आलं त्या उन्हाळ्यानंतरच रेघ वळली होती. पूर्वी टेकडीवरच्या आणि दलदलीकाठच्या सगळ्या बेऱ्या एकत्र होत. त्यातल्या थोड्या घरी राहत, बाकीच्या विकल्या जात. आता यंत्र त्या वेगळ्या करत होतं. चांगल्या परदेशी जात होत्या. वाईट, नुसत्या वाईट, निवडून काढलेल्या, पोरांच्या ताटात येत होत्या. तेवढ्याच. आधी खायची तेवढ्याच. तिनं घरोघर किती असं विचारलं होतं, कुठल्या असं विचारलं नव्हतं.

आणि आता ती याहून अचूक यंत्र मागत होती.

"काही सांगायचंय का तुम्हाला?" व्लादिस्लावाबाईंनी विचारलं. "अर्धं मिनिट आहे."

मकार मानेनं नाही, नाही म्हणत होता. त्याला काही कळलं नव्हतं, पण युस्तिनाचा चेहरा कळला होता.

"आलेख का वळला ते आता कळलं," युस्तिना म्हणाली. तिचा आवाज वर्गात उत्तर सांगताना यायचा तसा आला, सपाट. "या मावशींनी सांगितलं त्यामुळे. यंत्र जितकं चांगलं, तितका माल नीट निवडला जाणार. जितका नीट निवडला जाणार, तितकं वाईट तेवढं मुलांकडे जाणार. आम्ही लिहिलेला प्रस्ताव आहे तसा मंजूर केलात तर ही रेघ आणखी वर जाईल. मला तो बदलायचाय. शेड नको. यंत्र द्या, आणि त्याबरोबर नापसंत बादल्या चांगल्या मालाच्या भावानं विकत घ्यायला पैसे द्या. आम्ही त्या पुरून टाकू. पैसे मिळाले तर बायका बादली घरी नेणार नाहीत."

तोदोसिया मावशीच्या हातात पावाची सुरी होती. ती तिनं हळूच रुमालावर ठेवली.

डेन्मार्कचा माणूस दुभाष्याचं सगळं ऐकेपर्यंत थांबला. मग त्याच्याशी बराच वेळ बोलला. दुभाषी म्हणाला, "ते म्हणतायत, तुम्ही फार प्रामाणिक आहात."

"आभारी आहे. पण पैसे?"

"बादल्या विकत घेऊन पुरायच्या," व्लादिस्लावाबाई सावकाश म्हणाल्या, "आणि पुढच्या वर्षी पुन्हा विकत घ्यायच्या. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. किती वर्षं?"

"सीझियम निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात," युस्तिना म्हणाली. "एकदा निम्मं होत आलंय."

बँकेतल्या गृहस्थांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

निकाल दुपारी लागला. पहिलं बक्षीस मधाच्या झोपडीला मिळालं. वेर्बोलोझला विशेष पुरस्कार. प्रस्तावातला आरोग्याचा भाग, म्हणजे यंत्र, निधी देणार होता. त्याचा परिणाम मोजता येतो, असं व्लादिस्लावाबाईंनी जाहीर केलं. वाळवणीची शेड उमेदवारानं स्वतःच मागे घेतली होती. बादल्या विकत घेण्याची सूचना नियमात बसत नव्हती, कारण ती स्वतःच्या पायावर उभी राहणारी नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. युस्तिना बोलायला पुढे सरकली, पण तिच्या हातात फुलं देण्यात आली, आणि फोटो काढण्यासाठी चीजवाल्याला तिच्या शेजारी उभं करण्यात आलं.

परतीच्या वाटेवर सार्नीचा फाटा गेल्यावर मकार म्हणाला, "यंत्र तर मिळालं."

"नको असलेलं तेवढंच मिळालं."

"शेड तू घालवलीस. बायकांना काय सांगू? दुप्पट भाव येणार म्हणून मीच घरोघर सांगत फिरलोय. डॉक्टरीणबाईला मंचावर शहाणपण सुचलं, असं सांगू?"

"सांग."

"गाडीतून उतरायच्या आत सुचलं असतं तर काय बिघडलं असतं तुझं?"

"मकार," तोदोसिया मावशी म्हणाली. येताना ती एवढंच बोलली. रिकाम्या बाटल्यांची टोपली तिच्या मांडीवर होती आणि दर खड्ड्याला त्या एकमेकींवर आपटत होत्या.

दुसऱ्या दिवशी युस्तिना तिच्याकडे गेली तेव्हा झ्लाता अंगणात एकटीच कोंबडीशी बोलत होती. मावशी घरामागच्या सफरचंदांच्या झाडांत होती. तिनं गुडघ्याएवढा चर खणला होता आणि तळघरातल्या मुरंब्याच्या बाटल्या त्यात ओळीनं ठेवत होती. रिकाम्या न करता, झाकणांसकट, एकीला एक न लागता, जशा फळीवर ठेवल्या होत्या तशाच.

"ओतून तरी टाकायच्या," युस्तिना म्हणाली. "बाटल्या कामी येतील."

"ओतवेना."

युस्तिनानं दुसरं फावडं घेतलं. दोघींनी माती लोटली. थोड्या वेळानं मावशी म्हणाली, "ती रोज रात्री मागायची. दुधात. मीच सवय लावली."

"उतरेल, मावशी. थंडीपर्यंत उतरेल. मुलांचं लवकर उतरतं."

"हे माझ्यासमोर खरं बोलतेस, की धीर द्यायला?"

"खरं."

मावशीनं फावड्यावर हात ठेवून तिच्याकडे नीट पाहिलं आणि मग मान हलवली. युस्तिना धीर द्यायला बोलत नसते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या आठवड्यात युस्तिनानं दवाखान्यात बायकांना बोलावलं आणि आलेख भिंतीवर लावून समजावून सांगितलं. एकीनं विचारलं, उकळल्यानं जात नाही का, अळंब्यांसारखं? अळंब्यांचं पाणी आपण फेकतो, युस्तिना म्हणाली, मुरंब्याचं फेकतो का? बायकांनी माना डोलावल्या. जाताना मावशीपासून तीन घरं ओलांडून राहणारी मोत्र्या दाराशी थांबली. तिला चार मुलं होती आणि नवरा लाकूडकटाईत पाठ मोडून घरी पडला होता.

"टाकायच्या म्हणतेस, बाई. बरं. टाकल्या. मग थंडीत पोरांना गोड काय घालू? भिंतीला साखर लावून चाटायला देऊ?"

मोत्र्या उत्तरासाठी थांबली नाही. ती बाहेर जाऊन इतर बायकांना गाठून म्हणाली, आणि खिडकी उघडी होती, "तोदोसियाला शहराची बाधा झालीय. बागेत मुरंबा पेरलाय म्हणे. उगवला की सांगेल."

जुलैच्या सुरुवातीला यंत्र आलं. चकचकीत शिशाचं जड पिंप, त्याला जोडलेला पडदा. मकारनं रिबीन बांधली आणि कापलीही. खरेदीदाराचा माणूस रोस्तिक येऊन बघून गेला. त्याचं हातातलं यंत्र जुनं झालं होतं, त्यावर वाद व्हायचे. तो म्हणाला, दवाखान्याची चिठ्ठी असेल ती बादली मी न तपासता घेईन. चिठ्ठी नसेल त्यानं माझ्या शेडकडे फिरकू नये. हे सगळ्यांनाच बरं वाटलं.

पहिल्या दिवशी रांग दवाखान्याच्या पायऱ्यांवरून खाली विहिरीपर्यंत गेली. बोटं आणि ओठ जांभळे झालेल्या बायका, डोक्याच्या रुमालांवर डास. पहिल्या काही बादल्या वाळूच्या टेकडीवरच्या निघाल्या. चिठ्ठ्या झाल्या. मग एक बादली मर्यादेवर गेली. युस्तिनानं तिच्या मालकिणीला सांगितलं, ही पुरायची. हो बाई, ती म्हणाली, आणि बादली उचलून घराच्या दिशेनं चालू लागली. खड्डा उलट्या बाजूला होता. पाठोपाठ आणखी एक तशीच गेली. युस्तिना खिडकीतून बघत राहिली. बादलीवर मालकीण एक फडकं पांघरत होती, उन्हानं बेऱ्या विटू नयेत म्हणून.

मग मोत्र्या आली. तिच्या बेऱ्या टपोऱ्या होत्या, त्यांवर दलदलीकाठच्या बेऱ्यांवर असतो तसा निळसर बुरा होता. तिच्यामागे तोदोसिया मावशी उभी होती. जंगलात कुठल्या कोपऱ्यात कशी बेरी येते ते मावशीला डोळे मिटून कळे. तिनं त्या बादलीत एकदा पाहिलं आणि मग छताकडे बघू लागली.

युस्तिनानं नमुना पिंपात ठेवला. झाकण लावलं. पडद्यावर आकडा चढत गेला, थांबल्यासारखा झाला, पुन्हा चढला. मर्यादा पाचशेची होती. आकडा तिच्या चौपटीवर जाऊन थांबला.

तिनं आयुष्यात एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. वैद्यकीय विद्यालयात एकदा सगळ्या वर्गाचा प्रयोग चुकला होता आणि सगळ्यांनी पुस्तकातलं उत्तर लिहिलं होतं. तिनं स्वतःचं चुकलेलं लिहून कमी गुण घेतले होते. पडदा तिच्याकडे होता. मोत्र्याला फक्त त्याची पाठ दिसत होती.

रोस्तिकच्या ट्रकमध्ये हजारो बादल्या जातात. तिथे ही एक बादली पडली तर बाकीच्यांत मिसळून दिसेनाशी होईल. कोणाच्या तरी नाश्त्यात तिच्यातल्या दोन बेऱ्या येतील, कोणाच्या चार. पण मोत्र्याच्या तळघरात ती अख्खी राहील, आणि चार मुलं ती हिवाळाभर दुधातून खातील. हिशेब साधा होता. आणि पलीकडे कोणी ट्रक उघडून नीट तपासला, तर या जंगलातली एकही बादली पुन्हा कोणी घेणार नाही, टेकडीवरचीसुद्धा नाही. मग गावाचे ते चार आठवडे संपले. तोही हिशेब साधाच होता.

"काय गं," मोत्र्या म्हणाली, "पुरायची का?" तिनं बादलीच्या कडीला हात घातलाच होता. फडकं खांद्यावर तयार होतं.

"नाही," युस्तिना म्हणाली. "मर्यादेत बसतेय."

तिनं चिठ्ठी लिहिली. अक्षर नेहमीसारखं आलं. मोत्र्यानं चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली, मग युस्तिनाकडे बघितलं, आणि बादली उचलून शेडकडे गेली.

मावशी पुढे झाली. तिची बादली टेकडीवरची होती, लहान लहान बेऱ्यांची. युस्तिनानं नमुना घेण्यासाठी डबा उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"तपास," तोदोसिया मावशी म्हणाली. "माझी खरी तपास."

तिनं तपासली. बाहेर रांग पायरीभर पुढे सरकली. दाराशी आलेल्या बाईच्या बादलीतल्या बेऱ्यांवरही निळसर बुरा होता. तिच्या मागच्याही.